कमी स्कोअर, तुटपुंजी जमापुंजी आणि घराची घाई : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सिबिल स्कोअर, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून ठरणारा गुणांक, खराब असेल तर तो सुधारल्याशिवाय पहिल्या घराच्या कर्जासाठी अर्ज करू नये, असे मी लेखात म्हटले होते. हा सल्ला ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे त्यांनाच परवडतो, असा आपला आक्षेप आहे. थांबणाऱ्याचे भाडे जातच राहते आणि किमती वाढतात. त्यापेक्षा डाऊन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढावे, कमी स्कोअर चालवून घेणाऱ्या गृहवित्त कंपनीकडून कर्ज घ्यावे आणि वर्षभराने ते बँकेकडे वळवावे, असा मार्ग आपण सुचवला आहे. भाड्याचा मुद्दा मला मान्य आहे. उरलेला हिशेब मात्र मांडून पाहायला हवा.

पुणे महापालिकेच्या हद्दीत ३० लाखांचे घर आहे असे धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, म्हणजे येथे जास्तीत जास्त २७ लाख. हाताशी तीन लाख असले की झाले, असा समज येथूनच होतो. पण एवढ्या किमतीच्या घराचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क त्या किमतीत धरले जात नाही. सात टक्क्यांप्रमाणे २ लाख १० हजार आणि नोंदणीचे ३० हजार मिळवले, की स्वतःचा वाटा ५ लाख ४० हजारांवर जातो. जुना फ्लॅट घेताना विक्रेत्याने काही रक्कम रोखीत मागितली, तर करारनाम्यातील किंमत घटते, तिच्याबरोबर कर्जही घटते, आणि ज्याच्याकडे आधीच पैसे कमी आहेत त्यालाच जास्त रोकड उभी करावी लागते. या बेकायदा प्रथेचा सर्वांत मोठा फटका पहिले घर घेणाऱ्यालाच बसतो, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

आता हे ५ लाख ४० हजार पर्सनल लोनमधून आणायचे म्हटले, तर १४ टक्के दराने पाच वर्षांसाठी महिना सुमारे साडेबारा हजारांचा हप्ता बसतो. (खराब स्कोअरवर हा दर मिळेल, असे मी उदार मनाने धरले आहे.) गृहकर्ज ८.५ टक्क्यांऐवजी ११ टक्क्यांनी मिळाले, तर २७ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता २३,४३१ ऐवजी २७,८६९ रुपये होतो. दोन्ही हप्ते मिळून चाळीस हजारांच्या वर जातात. शिवाय पर्सनल लोन क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदपत्रात, दिसते आणि गृहकर्जाची पात्रता ठरवताना त्याचा हप्ता उत्पन्नातून आधी वजा होतो. त्यामुळे २७ लाख मंजूर होतीलच, असेही नाही.

कर्ज वळवण्याची वाट खुली आहे, हे खरे. वैयक्तिक गृहकर्ज फ्लोटिंग (बदलत्या) दराचे असेल तर मुदतपूर्व फेडीवर दंड लागत नाही. पण नवी बँकही तोच रिपोर्ट पाहते, आणि चाळीस हजारांच्या ओझ्याखाली एक-दोन हप्ते चुकले की ती वाट तेथेच बंद होते. म्हणूनच स्कोअरचे काम आधी करावे, असे मी म्हणतो.

ते काम म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून (सिबिल त्यांपैकीच एक) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तो मागवून प्रत्येक नोंद वाचावी. अनेकांच्या बाबतीत मूळ दुखणे क्रेडिट कार्डाच्या जुन्या थकबाकीत असते. वसुली करणारा माणूस ‘निम्मे भरा, फाइल बंद करतो’ असे सांगतो, आपण सुटलो असे वाटते, पण रिपोर्टमध्ये ते खाते ‘क्लोज्ड’ न होता ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण रक्कम न भरता मिटवलेले, म्हणून राहते, आणि गृहकर्ज देणाऱ्याला त्याचा अर्थ नेमका कळतो. उरलेली रक्कम किती भरावी लागेल हे त्या बँकेला लेखी विचारावे, ती भरून ना-देय प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंद बदलून घ्यावी. नोंदच चुकीची असेल तर तक्रार करावी. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचा इतिहास कोरा आहे, खराब नाही, आणि त्याने थांबावे असे मी लिहिलेले नाही.

थोडी अधिक बचत केल्याचा आणखी एक फायदा आपल्या हिशेबात आलेला नाही. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदान ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी आहे. पण त्यासाठी कर्ज २५ लाखांपर्यंतच असावे लागते, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असावे लागते आणि देशात कोठेही पक्के घर नसावे लागते. २७ लाखांचे कर्ज घेणारा १ लाख ८० हजारांपर्यंतच्या या अनुदानातून बाहेर पडतो.

पत्नीला सहअर्जदार केल्यास माझा स्कोअर झाकला जाईल का, असेही आपण विचारले आहे. नाही, बहुतेक ठिकाणी दोघांचेही रिपोर्ट तपासले जातात. मात्र पत्नीचे उत्पन्न पुरेसे आणि स्कोअर चांगला असेल, तर घर आणि कर्ज दोन्ही केवळ त्यांच्या नावावर घेता येतील का, हे आधी विचारून पाहावे. घर फक्त स्त्रीच्या नावावर असल्यास महाराष्ट्रात निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे वरच्या उदाहरणात तीस हजार रुपये वाचतात.