चौदा की पंधरा? गंगावेशच्या कट्ट्यावर रंगलेला वाद

मास्तरांची धाकटी यंदा शिकायला पुण्याला चाललीय. तिला आयफोन हवाय आणि नव्याचं बजेट नाही, म्हणून वापरलेला घ्यायचा ठरलं. आता 14 घ्यायचा की 15, एवढंच विचारायला मास्तर परवा रात्री कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर आले. एरवी साडेनऊला उठणारी मंडळी पावणेअकरापर्यंत बसली.

वादाला माल समोरच होता. वकिलांनी 15 घेतला तेव्हा त्यांचा 14 पैलवानाने घेतला होता. म्हणजे दोन्ही फोन एकाच हातातून गेलेले. वकिलांनी दोन्ही वापरलेत, पैलवान 14 वर खूश आहे, तात्यांचा जन्म रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेलाय. आणि मी पंधराच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो.

पैलवानाने दुधाचा ग्लास खाली ठेवला. "मास्तर, उगं पैसं घालवू नका. स्क्रीन दोन्हीचा 6.1 इंच. वजन ह्येचं 172 ग्रॅम, त्येचं 171. एका ग्रॅमसाठी नऊ हजार द्यायचं व्हय?"

नऊ हजार हा राजारामपुरीतल्या दुकानदाराने सांगितलेला दोन वापरलेल्या फोनांमधला फरक. वकील म्हणाले, "नवे आले तेव्हा दोघांची किंमत 79,900च होती. 2022 ला चौदा, 2023 ला पंधरा. तेव्हा फरक शून्य, आज नऊ हजार. बाजारात लोकांनी वापरून बघितलंय म्हणूनच पडलाय ना तो फरक?"

"एक वर्ष नवा हाय, म्हणून पडलाय," पैलवान म्हणाला. हेही खरंच होतं.

तात्यांनी दोन्ही फोनांची कव्हरं काढायला लावली आणि डोळे मिटले. एकेक फोन हातात घेऊन ते अंगठ्याने कडा चाचपत होते. आम्ही तीनदा अदलाबदल केली, तिन्ही वेळा त्यांनी पंधरा बरोबर ओळखला. "ह्याची कड मारलेली आहे. चौदाची कड करंगळीला टोचते, जास्त वेळ धरला की वळ उठतो. आणि पाठ बघ, चौदाची गुळगुळीत काच, हिला जरा खरखर आहे." खरंय ते. पंधराच्या पाठीची काच मॅट आहे आणि कडा किंचित गोलावल्यात. जाहिरातीत हे एका ओळीत संपतं, पण हातात फोन दिवसभर असतो.

"आणि कव्हर घातल्यावर?" पैलवानाने विचारलं. तात्यांनी कव्हरं घालून पुन्हा डोळे मिटले आणि या खेपेला चुकले. हा मुद्दा पैलवानाचा झाला.

वरच्या त्या काळ्या पट्टीवर आम्ही फार वेळ घालवला नाही. चौदाला खाच आहे, पंधराला डायनॅमिक आयलंड. टायमर, चालू कॉल, नकाशातलं पुढचं वळण तिथं दिसत राहतं. वकिलांना आवडतं, मला त्यात नऊ हजारांतले नऊशेसुद्धा दिसत नाहीत. वेगाचंही तसंच. चिप एक पिढी पुढची आहे, पण स्क्रीन दोन्हीकडे 60 हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणारा, आणि रोजच्या वापरात डोळ्याला फरक कळत नाही. ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे कंपनीची एआयची सोय, या दोघांपैकी कुणालाच मिळत नाही, ती महागड्या 15 प्रोपासून पुढे. म्हणजे दुकानदार त्या नावावर पंधरा विकायला लागला तर ऐकू नका, असं मी मास्तरांना बजावलं.

खरी खडाजंगी झाली ती खालच्या भोकावरून.

चौदाला आयफोनची जुनी पिन, लायटनिंग. 2012 मध्ये आयफोन 5 बरोबर आली आणि अकरा वर्षं टिकली. पंधराला सी टाइप. पैलवान म्हणाला, "पिन काय बघताय? केबल फोनबरोबरच मिळती. घरात एक, गाडीत एक. झालं."

इथं मला राहवलं नाही. सगळ्यांकडे सी टाइप येऊन वर्षं झाली तरी माझा बारीक पिनेचा जुना फोन चालूच होता, तेव्हाची गोष्ट. वडिलांना अचानक दवाखान्यात नेलं आणि मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालो. साताऱ्याच्या पुढे फोन चार टक्क्यांवर आला. माझी केबल पुण्यात खोलीवर राहिलेली. गाडीत तीसेक माणसं, मी प्रत्येक सीटपाशी जाऊन विचारलं. केबल सगळ्यांकडे होती आणि सगळी सी टाइप. कराडच्या अलीकडे फोन बंद पडला. बहीण तिकडे फोन लावत होती, माझा लागत नव्हता. कोल्हापुरात उतरून रिक्षावाल्याच्या फोनवरून घरी बोललो तेव्हा कळलं की वडील ठीक आहेत. ते तीन तास मी विसरलेलो नाही. म्हणून मास्तरांना म्हटलं, "पोरगी होस्टेलवर राहणार. खोलीत चौघी असतील तर चौघींची केबल एकमेकींना चालली पाहिजे. तुमच्या घरीसुद्धा सगळं सी टाइपच आहे ना?"

मास्तरांनी बोटं मोजली. त्यांचा फोन, काकूंचा फोन, शाळेचा टॅब, पोरीचे इअरबड्स. सगळं सी टाइप.

वकिलांनी कायदा काढला. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून तिथं विकायच्या फोनांना सी टाइप सक्तीचं केलं, तेव्हा 14 ची विक्री तिथं थांबली. "ज्या पिनेचा नवा फोनच आता निघत नाही, तिची केबल चार वर्षांनी पोरगी कुठं शोधणार?" केबल मिळतील, त्याची मला फारशी काळजी नाही. मला काळजी रात्री अकरा वाजता शेजारच्या खोलीत मिळेल का याची आहे.

मग वकिलांनी खिशातून इअरबड्सची डबी काढली, छोटी केबल एका टोकाला फोनला लावली, दुसऱ्या टोकाला डबीला. डबीचा दिवा लागला. पंधरा दुसऱ्या छोट्या वस्तूला 4.5 वॉटपर्यंत चार्ज करतो, म्हणजे हळूहळूच, पण अडल्या वेळी पुरतं. पेनड्राइव्हही थेट लागतो. त्यावर तात्यांनी त्यांना अडवलं, "वेगाचं सांगा की. भोक बदललं, वेग जुनाच आहे." तात्या बरोबर होते. साध्या पंधराची सी टाइप सेकंदाला 480 मेगाबिटवरच चालते, जुन्या पिनेइतकीच. वेगवान पोर्ट प्रोला दिलाय. कॉलेजच्या फाइली हलवायला हरकत नाही, लग्नाचं अख्खं व्हिडिओ शूटिंग हलवायचं तर चहा पिऊन यावं लागेल.

बॅटरीवर पैलवान थोडा नरमला. एका चार्जवर व्हिडिओ किती वेळ चालेल, याचा कंपनीचा दावा दोन्हींना सारखाच, 20 तास. पण वापरलेला फोन घेताना बॅटरी किती दिवस तग धरेल ते बघायचं असतं. चौदापर्यंतच्या बॅटऱ्या 500 चार्ज सायकलनंतर (पूर्ण बॅटरीभर वापर म्हणजे एक सायकल) 80 टक्के क्षमता राखतील अशा बनवल्यात, पंधराच्या 1000 सायकलनंतर, असं कंपनीने 2024 च्या फेब्रुवारीत सांगितलं. शिवाय चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय पंधरात आहे, चौदात नाही. रात्रभर फोन चार्जिंगला लावून झोपणारी पोरं आहेत ही, त्यांना ती सोय लागतेच. दोन्ही फोन उघडले तर पैलवानाच्या चौदाच्या बॅटरीची उरलेली क्षमता 83 टक्के दाखवत होती, वकिलांच्या पंधराची 91. चौदा एक वर्ष जास्त चाललाय, तेव्हा यावरून लगेच निकाल देता येत नाही. "वाचलेल्या पैशातनं बॅटरी बदला," पैलवान म्हणाला. हा सल्ला चांगला होता आणि मास्तर त्यावर बराच वेळ गप्प बसले.

कॅमेऱ्याचा मुद्दा मास्तरांनीच काढला, आणि तोही मास्तराच्याच नजरेने. "मागच्या बाकावरून फळ्याचा फोटो कशाने नीट येईल?" कट्ट्यासमोरच्या दुकानावर दरपत्रक लटकलं होतं. आम्ही रस्त्याच्या अलीकडून दोन्ही फोनांनी दुप्पट झूम करून फोटो काढले. चौदाच्या फोटोत वरची मोठी अक्षरं छान, खालच्या ओळीतले काने-मात्रे पुसट. पंधरात 'ताक' आणि 'लस्सी'चे भाव वाचता आले. कारण सोपं आहे. पंधराचा मुख्य कॅमेरा 48 मेगापिक्सेलचा, दुप्पट झूमला तो सेन्सरचा मधला भाग कापून वापरतो. चौदाच्या 12 मेगापिक्सेलमध्ये कापायला तेवढं उरतच नाही, तो चित्र ताणतो. मात्र पंधरा नेहमीचा फोटो 24 मेगापिक्सेलचा काढतो आणि तो जागाही जास्त खातो. 128 जीबीचा घेतलात तर पोरीला दोन वर्षांनी फोटो उपसावे लागतील, हेही मास्तरांना सांगितलं.

तरीही मास्तर उठताना "बघू" म्हणाले. नऊ हजार म्हणजे त्यांच्यासाठी होस्टेलच्या मेसचे दोन-तीन महिने.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी दोन्ही फोन मागून घेतले आणि मास्तरांना साडेबारा वाजता रंकाळ्यावर बोलावलं. ऊन मी म्हणत होतं. शहाळ्याच्या गाडीपाशी थांबलो, दोन शहाळी घेतली आणि चौदा मास्तरांच्या हातात दिला. "क्यूआर स्कॅन करा आणि कुणाला पैसे चाललेत ते नाव वाचून दाखवा."

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. मग डाव्या हाताचा पंजा फोनवर छपरासारखा धरला, फोन छातीजवळ घेतला आणि पाठ सूर्याकडे करून नाव वाचलं. शहाळं काखेत दाबलेलं, स्ट्रॉ खाली पडली. मग मी पंधरा दिला. त्यांनी हात लांब ठेवूनच नाव वाचलं, पहिल्या झटक्यात. बाहेरच्या उन्हात पंधराचा स्क्रीन 2000 निट्सपर्यंत उजळतो (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप). चौदाचा नेहमीचा कमाल उजेड 800 निट्स, आणि एचडीआर, म्हणजे जास्त उजळ चित्राचा खास व्हिडिओ लावला तरच 1200.

मला विचाराल तर दोन फोनांतला सगळ्यात मोठा रोजचा फरक हाच आहे, पिनेपेक्षाही मोठा. पैसे पाठवताना नाव दिसलं नाही तर माणूस अंदाजाने बटण दाबतो. नव्या शहरात रस्त्यावर नकाशा दिसला नाही तर पोरगी अनोळखी माणसाला विचारत उभी राहते. घरात, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली, कट्ट्यावर रात्री हा फरक दिसतच नाही. म्हणून वापरलेला फोन घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, दुकानदाराला म्हणा दोन मिनिटं फोन बाहेर उन्हात द्या. देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

मास्तर शहाळं संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "चल राजारामपुरीला."

दुकानात पंधरा दोन होते. एक निळा, एक गुलाबी. पंधरात बॅटरी किती वेळा चार्ज झालीय तो आकडाही सेटिंग्जमध्ये दिसतो. मास्तरांनी चष्मा पुसून दोन्ही वाचले. निळा 610, गुलाबी 240. भाव एकच. फोटो काढून पोरीला पाठवला, तिचा लगेच फोन आला. "बाबा, निळा. गुलाबी अजिबात नको."

मास्तरांनी तिला सायकल म्हणजे काय ते समजावायला घेतलं. 610 मधून 240 वजा करून दाखवले, तिकडून "निळा" एवढंच येत राहिलं. मी मधे पडलो नाही. मास्तरांनी फोन ठेवला, दोन्ही पुन्हा एकदा दाराबाहेर नेऊन उन्हात धरून बघितले, आत आले आणि दुकानदाराला म्हणाले, "गुलाबी द्या. आणि ह्याला निळं कव्हर आहे का बघा."