एफेससची घाई नको
लेखात तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदराला उतरून एफेसस, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन शहराचे अवशेष, दोन तासात उरकतं म्हटलंय, ते काही पटलं नाही. सगळे धावतपळत सेल्ससच्या लायब्ररीपुढे सेल्फी काढतात आणि बसमध्ये बसतात, पण खरी मजा टेरेस हाऊसेसमध्ये आहे, वेगळं तिकीट आहे म्हणून गाईड लोक गाळतात बहुतेक, आत श्रीमंत रोमन लोकांची घरं, भिंतीवरची चित्रं, मोझॅइकच्या फरश्या, सगळं छपराखाली त्यामुळे ऊनही लागत नाही. आणि तिथल्या प्राचीन थिएटरवरून खाली बघा, सरळ रस्ता बंदराकडे जातो पण पुढे समुद्रच नाही! नदीच्या गाळाने बंदर बुजलं, आता पाणी काही किलोमीटर लांब. आर्टेमिस देवीच्या देवळाचा मात्र एकच खांब उभाय, त्यावरही बगळ्याचं, सॉरी, करकोच्याचं घरटं. एफेससला वरच्या गेटने शिरा, उतार मिळतो, गुडघेवाल्यांनी तर नक्कीच.