पैशाचे ज्योतिषी

जानेवारी २०१७. नोटाबंदीला दोन महिने झाले होते. नीती आयोगाचे तेव्हाचे सीईओ अमिताभ कांत यांनी बंगळुरूत सांगून टाकलं की २०२० पर्यंत भारतात डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड, एटीएम, स्वाइप मशीन, सगळं निरुपयोगी होणार. अंगठा लावला की तीस सेकंदांत व्यवहार!

२०२० येऊन गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातली क्रेडिट कार्डं १० कोटींवर गेली. एटीएम जागच्या जागी आहेत (आत नोटा असतात का, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर). नोटाबंदीच्या आधी चलनात साधारण १८ लाख कोटींची रोकड होती, मार्च २०२५ मध्ये ती ३६ लाख कोटींच्या पुढे होती. दुप्पट!

"पण यूपीआय आलंच ना?" आलं की, आणि दणक्यात आलं. ऑगस्ट २०२३ या एका महिन्यात १००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. मीही वडापावचे पैसे फोननेच देतो. पण डिसेंबर २०१६ मध्ये मुरबाड तालुक्यातलं धसई 'राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव' म्हणून गाजलं, तेव्हा सगळा भरवसा स्वाइप मशीनवर होता. टपरीवर टिकला तो क्यूआरचा कागद. त्याला वीज लागत नाही, कागदाचा रोल लागत नाही, जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला कमिशनही नाही. पुढे पैसे आल्याचं मोठ्यानं सांगणारा डबा आला आणि गल्ल्यावरच्या माणसाचा जीव भांड्यात पडला. अंगठ्याचं भाकीत करणाऱ्यांच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं.

आणि यूपीआय वाढत असताना रोकडही वाढतच राहिली, याचं उत्तर तर त्यांच्याकडे नाहीच. ते धरून चालतात की पैसा फक्त देण्याघेण्यासाठी असतो. आपल्याकडे तो ठेवण्यासाठीही असतो. चहाचे दहा रुपये फोनवरून जातात, पण रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर, म्हणून कपाटातल्या साडीच्या घडीत नोटा असतातच. माझ्या मते यात मागासलेपण काही नाही. रोकडविरहित व्यवहारात जगाच्या पुढे असलेल्या स्वीडनच्या सरकारनं २०२४ मध्ये घरोघरी पुस्तिका पाठवली, तिच्यातही किमान आठवडाभर पुरेल इतकी रोकड घरात ठेवा, असा सल्ला होता.

क्रिप्टोवाल्यांचं काय सांगावं! अमेरिकी गुंतवणूकदार टिम ड्रेपर म्हणाले होते, २०२२ अखेर बिटकॉइन अडीच लाख डॉलरवर जाईल. वर्ष संपलं तेव्हा भाव १७ हजारांच्याही खाली. मग त्यांनी मुदत वाढवली. याच गृहस्थांनी २०१४ मध्ये अमेरिकी सरकारच्या लिलावात जवळपास ३० हजार बिटकॉइन विकत घेतले होते, म्हणजे मालक स्वतःच्याच मालाचा भाव सांगत होता. मध्य अमेरिकेतल्या अल साल्वाडोर देशानं २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, लोक डॉलरच वापरत राहिले, आणि जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जापायी बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती काढावी लागली. फेसबुकचं लिब्रा हे डिजिटल चलन तर २०१९ मध्ये जाहीर झालं आणि बाजारात न येताच २०२२ मध्ये मोडीत निघालं. ही पोस्ट फेसबुकवरच लिहितोय, याची गंमत मलाही वाटते आहे.

हल्ली '२०३० पर्यंत नोटा संपणार' असले फॉरवर्ड येतात. मी त्यांचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवतो. तुमच्याकडे असतील तर कमेंटमध्ये टाका, फक्त त्यात साल हवं आणि सांगणारा काय विकतो तेही लिहा.