वांगी रंगाचं शेपूट

घाटकोपर पश्चिमेला जागा घेताना एजंटने नळाचं पाणी सांगितलं, स्टेशन किती लांब ते सांगितलं. उतरणारी विमानं गच्चीवरून जातात, हे मात्र सांगितलं नाही. आमच्या अहोंना ते आधीच ठाऊक असावं, असा माझा संशय आहे.

गर्दीच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान येतं आणि दर विमानाला एक हाक. ‘‘अगं, लवकर ये, ए थ्री फिफ्टी!’’ मी पिठाच्या हातांनी गच्चीवर. काचांभोवती काळी पट्टी असली की ए ३५०, पंख वर वाकलेले असले की ड्रीमलायनर, हे मला आता झोपेतही सांगता येतं. कुणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

पण खरा ताप विमानांचा नाही, त्यांच्या कंपन्यांच्या सोयरिकींचा. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियाच्या घरी गेली, म्हणजे तिच्यात विलीन झाली. आडनाव बदललं, फ्लाइट नंबर एआय आणि पुढे दोनने सुरू होणारे चार आकडे असा झाला, पण कित्येक विमानांच्या अंगावर रंगाची साडी माहेरचीच. विस्ताराचं वांगी रंगाचं शेपूट दिसलं की अहो हळवे होतात. मी म्हटलं, ‘‘एवढी मोठी कंपनी, रंगाला पैसे नाहीत?’’ त्यावर व्याख्यान झालं: रंगासाठी विमान दिवसचे दिवस हँगरमध्ये ठेवावं लागतं आणि उभं विमान कमवत नाही. (उभा माणूसही कमवत नाही, हे मी गच्चीकडे बघून म्हटलं. ऐकू गेलं नाही. वरून इंडिगो जात होतं.)

बंद पडलेल्या कंपन्यांचं सुतकही आम्हीच पाळतो. किंगफिशर २०१२, जेट २०१९, गो फर्स्ट २०२३. जेटची काही बोइंगं नंतर स्पाइसजेटकडे गेली, तर अर्धे रंग जुनेच. ‘‘बघ, जेटचंच आहे ते!’’ असं अहो शेजाऱ्यांनाही पटवायचे. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं शेवटचं जम्बो मुंबईहून निघालं आणि पंख हलवत निरोप घेऊन गेलं. तो व्हिडिओ आमच्याकडे जेवताना चालायचा. वरण गार.

मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. मोठी दुरुस्तीला बंद झाली की विमानं आमच्यावरून येत नाहीत. त्या दिवशी मला फोनवर अख्खं वाक्य बोलता येतं आणि अहो घरात येरझारा घालतात.

परवा भाचीसाठी स्थळ आलं. मुलगा निर्व्यसनी, स्वतःचं घर, एअरलाइनमध्ये नोकरी. बाकी सगळे पत्रिका बघत होते. अहोंनी चष्मा पुसला आणि विचारलं, ‘‘कुठली एअरलाइन? पुढच्या दिवाळीपर्यंत असेल ना?’’