'थंडीत पळू नका' म्हणणाऱ्या मेसेजला धुळ्याहून उत्तर

कोजागिरी झाली, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज उगवतो. यंदा जिभाऊंनी टाकला. वर लाल अक्षरांत 'सावधान', खाली 'प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला'. तज्ज्ञांना नाव नाही, गाव नाही. मजकूर थोडक्यात असा: पहाटेच्या थंड हवेनं फुप्फुसं आखडतात. थंडीत रक्त घट्ट होऊन अटॅक येतो, म्हणून दिवाळी ते संक्रांत पळणं-चालणं बंद ठेवा. थंडीत घाम येत नाही, सबब पाणी लागत नाही. व्यायाम करायचाच असेल तर जाड स्वेटर किंवा प्लॅस्टिकचं जॅकेट घालून करा, म्हणजे चरबी वितळते. आणि थंडीत पळणाऱ्यांचे गुडघे कायमचे झिजतात.

मी डॉक्टर नाही. हार्डवेअरचं दुकान आहे आणि सात वर्षांपासून पळतो. दर जानेवारीत 42 किलोमीटरच्या शर्यतीला उतरतो, वेळ सांगण्यासारखी नाही. पण त्या शर्यतीची तयारी नेमकी दिवाळी ते संक्रांत याच काळात होते, म्हणून हा मेसेज माझ्या वाटेत आडवा पडलेला आहे.

फुप्फुसांपासून सुरुवात करू. नाकातून, घशातून, श्वासनळीतून आत जाताना हवा तापते, ओलसर होते. खोल फुप्फुसापर्यंत पोचते तेव्हा ती जवळपास शरीराच्याच तापमानाची झालेली असते. नॉर्वेत लोक शून्याखाली दहा-दहा अंशांत बर्फावर तासन् तास घसरतात, त्यांची फुप्फुसं आखडत नाहीत. आपल्या धुळ्यात पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. केळीला चरका बसतो हे खरं, पण माणूस म्हणजे केळी नव्हे. मात्र हवा कोरडी असते आणि पळताना ती आपण भरपूर ओढतो. त्यानं श्वासनलिका सुकतात, खोकला येतो, आणि ज्याला दमा आहे त्याची छाती खरंच आवळते. त्यानं तोंडावर रुमाल बांधावा, सुरुवात हळू करावी आणि पंप कधी घ्यायचा ते आपल्या डॉक्टरला विचारून ठेवावं.

फुप्फुसांना खरा त्रास कशाचा, ते मेसेजमध्ये आलेलंच नाही. धुराचा! थंडीच्या रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर खालीच कोंडतो. शेकोट्या, उकिरडे, जळणारे टायर, हंगाम संपला की बांधावर पेटवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. पहाटे साडेपाचला पांझरा नदीच्या पुलावर उभं राहा, धुराचा थर डोळ्यांनी दिसतो. ऊन तापलं की तो उठतो. म्हणून डिसेंबरात मी पाचला निघत नाही, उजाडल्यावर निघतो. दुसरंही कारण आहे. ऑक्टोबरच्या मध्याला इथं साडेसहाला सूर्य उगवतो, जानेवारीत सात वाजून जातात. त्या अंधारात कापसानं फुगलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेनं अंधारात पळणाऱ्याला हार्ट अटॅकच्या आधी ट्रॉली गाठेल.

आता हृदय. इथं मेसेज निव्वळ थाप नाही, म्हणूनच तो जास्त वाईट आहे. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावरचा भार वाढतो. थंडीत लघवी जास्त होते, त्यामुळे रक्तातलं पाणी थोडं कमी होतं, तेव्हा 'रक्त घट्ट' होण्यातही थोडं तथ्य आहे. हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके वाढतात, तेही सकाळच्या वेळी जास्त, हे जगभर दिसलेलं आहे. पण त्यावरून व्यायाम बंद करा हे कसं निघालं? कष्टाच्या वेळी धोका सगळ्यांत जास्त असतो तो सवय नसलेल्या माणसाला. बैठ्या माणसानं एकदम जोर लावला की घात होतो. नियमित चालणाऱ्या-पळणाऱ्याचा हा धोका कितीतरी कमी असतो. अमेरिकेत 2000 ते 2010 दरम्यान मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळालेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख धावकांचा हिशेब मांडला गेला. शर्यतीच्या वेळी हृदय बंद पडण्याचे प्रसंग निघाले 59, म्हणजे 1 लाख 84 हजारांत एक. त्यातले बहुतेक पुरुष, आणि अनेकांच्या हृदयात आधीपासून दोष होता.

मेसेजचा सल्ला ऐकला तर काय होईल ते पाहा. माणूस अडीच महिने बसणार. तीळगूळ, डिंकाचे लाडू, भरीत-पुरीच्या पार्ट्या (याबद्दल माझी तक्रार नाही, शेतातलं भरीत मी कुणाला सोडायला सांगणार नाही). मग संक्रांतीनंतर एका सकाळी बूट घालून पहिल्याच दिवशी जोरात सुटणार. ज्या माणसाला जपायचं, त्यालाच मेसेज धोक्याच्या तोंडी नेऊन उभा करतो.

मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. हा मेसेज ऑक्टोबरच्या सुरुवातीला का येत नाही? पाऊस ओसरलेला, दुपारी पस्तीस अंश, जमिनीत ओल, पहाटेही हवा चिकट. अशा उकाड्यात हृदयाला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. पायांना रक्त पुरवायचं आणि अंग गार ठेवायला कातडीलाही. घामानं पाणी जातं, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं आणि वेग तोच असला तरी ठोके चढत जातात. ऑक्टोबरात मी सात मिनिटाला किलोमीटर पळालो तरी घड्याळ 155 ठोके दाखवतं. डिसेंबरात तेवढ्याच ठोक्यांत किलोमीटर सहा मिनिटं वीस सेकंदांत निघतो. (ही सगळी आपली मेहनत असं समजून फुगू नये. निम्मी कमाई हवामानाची असते.) केनियाच्या केल्विन किपटमनं 8 ऑक्टोबर 2023 ला शिकागोत मॅरेथॉन 2 तास 35 सेकंदांत संपवली. तिथला ऑक्टोबर आपल्या डिसेंबरातल्या सकाळसारखा असतो, म्हणून मोठ्या शर्यती तिथं तेव्हा भरतात. उन्हाळ्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या खान्देशातल्या पळणाऱ्याची सुगी याच अडीच महिन्यांची, आणि नेमकी तीच मेसेज बंद करायला सांगतो.

पाण्याचा मुद्दा. थंडीत घाम येतो, फक्त कोरडी हवा तो लगेच पिऊन टाकते म्हणून बनियन ओलं दिसत नाही. तहानही मंदावते. शिवाय आपल्याकडची थंडी सकाळपुरती. सातला नकाणे तलावाच्या रस्त्यानं दहा अंशांत निघालेला माणूस तीन तासांनी परततो तेव्हा डोक्यावर चांगलं ऊन असतं. मागच्या डिसेंबरात मी तीस किलोमीटरला अर्धी बाटली घेऊन गेलो. परतताना पोटरीत असा गोळा आला की बांधावर बसून राहिलो. कापूस वेचायला निघालेल्या एका आजीनं विचारलं, "कथा पयी ऱ्हायना रे भाऊ इतली थंडीमा?" (कुठे पळतोयस रे भाऊ इतक्या थंडीत?) आणि उत्तराची वाट न बघता कळशी पुढे केली.

स्वेटर आणि प्लॅस्टिकच्या जॅकेटवर फार शब्द खर्चत नाही. त्यानं जातं ते पाणी, आणि दोन ग्लास प्याले की काट्यावर परत येतं. चरबी जळते ती अंतरानं: एका किलोमीटरला साधारण आपल्या वजनाच्या किलोइतक्या कॅलरी. 65 किलोच्या माणसानं दहा किलोमीटर पळालं तर साडेसहाशेच्या आसपास. निघताना थोडं कुडकुडलं तर कपडे बरोबर आहेत असं समजावं. कान आणि बोटं झाकावीत, बाकी अंग दुसऱ्या किलोमीटरला आपोआप तापतं.

गुडघे थंडीत आखडल्यासारखे वाटतात, म्हणून आधी दहा मिनिटं चालावं. पण झिजण्याचं म्हणाल तर 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा हौशी पळणाऱ्यांत गुडघा किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण 3.5 टक्के निघालं आणि न पळणाऱ्यांत 10.2. शर्यतींसाठीच जगणाऱ्यांत मात्र ते 13.3 होतं, तेव्हा जिद्दीलाही हद्द हवी. मलाही एका वर्षी दुखापत झाली, पण ती थंडीनं नाही. दिवाळीनंतर हवा छान लागली म्हणून आठवड्याचे 40 किलोमीटर मी दोन आठवड्यांत 65 वर नेले, त्यात लळिंगचा चढ दोनदा. टाचेची शीर धरली आणि त्या वर्षीची शर्यत गेली. या ऋतूत पायांना भूल पडते. दम लागत नाही म्हणून माणूस धावत सुटतो, आणि शिरा दमाच्या वेगानं तयार होत नाहीत.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, जिभाऊंच्या घरी जाऊन बोललो. कारण मेसेज टाकून ते थांबले नव्हते. एकसष्ट वर्षांचे, बीपीची गोळी चालू, आणि रोजचं चार किलोमीटर चालणं त्यांनी दिवाळीच्या पाडव्यापासून बंद केलं होतं. 'डॉक्टरांनी सांगितलं' म्हणाले. कोणत्या, विचारलं, तर मोबाइल दाखवला. खऱ्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्यांनी बीपी तपासलं, गोळी तीच ठेवली आणि म्हणाले, ऊन पडल्यावर चाला, छातीत दुखलं की थांबा आणि लगेच या. आता जिभाऊ साडेआठला निघतात. मफलर काढायला तयार नाहीत. म्हटलं राहू द्या, मफलर बरोबरच आहे.