कोयनेचं पाणी आणि बिलातलं इंधन

दर महिन्याला वीजबिल आलं की नजर आधी ‘इंधन समायोजन आकार’ (कोळशासारख्या इंधनाच्या वाढीव खर्चापोटी लावलेली रक्कम) या ओळीवर जाते आणि डोकं फिरतं. आम्ही पाटण तालुक्यातले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यात शिरतं, सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीकडे कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. यात कोळसा कुठे जळला?

कबूल, कोयनेची तार थेट माझ्या घरात येत नाही. सरकारी वितरण कंपनी औष्णिक, जलविद्युत, सौर अशी सगळी वीज विकत घेते, खर्च एकत्र करते आणि मग आम्हाला विकते. २००५ साली राज्य वीज मंडळाचे तुकडे झाल्यापासून बनवणारा वेगळा, वाहून नेणारा वेगळा, विकणारा वेगळा. ठीक आहे. पण १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प संध्याकाळी मागणी चढली की धावून येतो. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी दिलंय, त्यातला थेंब न् थेंब मोलाचा. मग ही वीज काय भावाने घेतली, हे बिलावर एका ओळीत छापायला काय जातं? विचारलं तर म्हणे वीज नियामक आयोगाचा आदेश वाचा. शेकडो पानांचा, इंग्रजीत! माझ्या आईने तो कधी वाचायचा?

धरणासाठी ज्यांची गावं उठली, त्यांची नातवंडं अजून पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसतात. त्यांच्याही बिलात तीच ओळ असते. त्यांनी हा इंधनाचा पैसा का भरायचा, सांगा ना कुणीतरी!