दलाल कोणाचा?

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअॅप गटावर वाद पेटला, आणि पेटवला मीच. गोव्यात म्हार्दोळजवळ एक जुनं घर पाहतोय, चांगला एजंट कोणी सुचवेल का, एवढंच विचारलं होतं. धाकट्या चुलतभावाचं उत्तर लगेच आलं, "दलालाला दोन टक्के कशाला? सगळे ओळखीचेच आहेत." मागोमाग आत्या: "हेच दलाल दिल्लीवाल्यांना गोंय विकतात." म्हणजे एजंट एक तर फुकटखाऊ, नाही तर गद्दार. पैसे मोजून तो आपल्या कामाला ठेवायचा असतो, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

कॅनडातल्या मिसिसागात आम्हाला चौदा वर्षं झाली. इथे आधी कागद होतो, मग घरं बघायची. १ डिसेंबर २०२३ पासून तर रेकोची, म्हणजे एजंटांवर देखरेख करणाऱ्या इथल्या संस्थेची, पुस्तिका आधी समजावून द्यावी लागते आणि मग करार: एजंट कोणाचा, किती दिवस, पैसे किती आणि कोण देणार. गोव्यात मी तिघांना फोन केला आणि तिघांनाही एकच विचारलं, तुम्ही माझे की विकणाऱ्याचे? दोघे नुसते हसले. तिसरा म्हणाला, "सर, दोनों का. दोनों से टू परसेंट."

हे मी गटावर चवीनं लिहिलं आणि वर शहाणपण जोडलं, की निदान एजंटाचा रेरा-नोंदणीचा क्रमांक तरी मागायला शिका, २०१६चा कायदा आहे. चुलतभाऊ फोंड्याला वकिलाकडे कामाला असतो. त्यानं शांतपणे लिहिलं, "दादा, ती नोंदणी रेरात नोंदवलेल्या प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट विकायला लागते. शंभर वर्षांच्या घराचा कसला प्रकल्प?" त्याचं बरोबर होतं. म्हणूनच राग आला.

पण मग माझंच म्हणणं खरं ठरत नाही का? जिथे कायदा पुरत नाही तिथे जाणता माणूस जास्तच हवा. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर नाव आजोबांचं, ते जाऊन चाळीस वर्षं झालेली, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टातली वाटणी, कोणी केलेली नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं नवरा-बायकोची मिळकत सामाईक, त्यामुळे वारस सहा असले तर सह्या बारा, आणि त्यातली एक सून रुसून माहेरी. मागच्या खोपीत मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणारा आणि कायद्याचं संरक्षण असलेला रहिवासी, निघाला तर विचारूच नका. जमिनी लाटायला इतके खोटे कागद तयार झाले, की २०२२मध्ये सरकारला एसआयटी नेमावी लागली. आणि आमचे लोक म्हणणार, ओळखीवर घे!

एक गोष्ट मात्र मी गटावर लिहिली नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये मिसिसागातलं हे घर घेतलं, तेव्हा ऑफर नाइटला, म्हणजे सगळ्यांच्या बोली एकदम ऐकायच्या रात्री, आमचा करारबद्ध, शिक्कामोर्तबवाला एजंट म्हणाला, आधी घराची तपासणी करून घेण्याची अट काढा, नाही तर घर जाईल. काढली. एप्रिलमध्ये बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी. शिवाय दोन्हीकडून लेखी संमती असली तर इथेही एकच एजंट दोघांचा होऊ शकतो. हे सगळं सांगून आत्यापुढे कशाला हरायचं?

शनिवारी त्या तिसऱ्यानं व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. "पोर्तुगीज व्हिला, सर," म्हणत त्यानं फोन फिरवला तो थेट राजांगणात. मधोमध तुळशीवृंदावन, त्याला एका बाजूनं तडा, कोनाड्यात पणतीची काजळी. आमच्या आजीच्या घरी अस्संच होतं. ते घर बाबांनी आणि काकांनी विकलं, आणि त्यावर सही करायला मी तिकीट काढून गेलो होतो. पोर्तुगीज कसलं, असं कोंकणीत म्हणायला तोंड उघडलं आणि हिंदीतच बोललो. एजंटानं विचारलं, "रहने के लिए या एअरबीएनबी?" मी म्हटलं, अभी तय नहीं. आत्याचे दिल्लीवाले वेगळं काय म्हणत असतील?

रविवारी चुलतभाऊ कोणी न सांगता स्कूटरवरून तिथे जाऊन आला. शेजारणीशी तासभर बोलला. वारस सहा नाहीत, आठ आहेत, त्यातला एक लिस्बनला. छताचा वासा वाळवीनं खाल्लाय, त्याचा फोटो. परत येताना त्यानं देवळाबाहेर जाईची फाती, म्हणजे माळ, घेतली होती, तिचाही फोटो, "वहिनीसाठी."

मी चांगल्या मनानंच लिहिलं, "तुझा वेळ गेला, पेट्रोल गेलं. तुझी फी किती ते सांग, पाठवतो."

दोन निळ्या खुणा कधीच्या दिसताहेत. आज गुरुवार.